मदत हवी आहे : चांदरच्या शापाची कथा कुणाला ठाऊक आहे?

मंडळी, मडगावात शापित नगरांवर बोलायचं आहे. कावेरीकाठचं तलकाड घेतलंय. १६१० मध्ये श्रीरंगपट्टण म्हैसूरच्या राजा वोडेयराच्या हाती गेलं. तिथल्या आधीच्या विजयनगरच्या सुभेदाराची बायको अलमेलम्मा. तिच्या दागिन्यांसाठी राजाची माणसं मागे लागली, तेव्हा नदीत उडी घेताना तिनं शाप दिला म्हणतात: तलकाडची वाळू होवो, मालंगी गावाचा डोह होवो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो. तलकाडच्या पाताळेश्वराच्या देवळाकडे आजही वाळूतून पायऱ्या उतरून जावं लागतं!

पण आपलं गोव्यातलं चांदर, कदंब राजांची जुनी राजधानी चंद्रपूर, सुटता कामा नये. तिथे मुंडकं नसलेला नंदी आहे. राजा पडल्यावर गावच्या बायकांना वैधव्याचा शाप मिळाला, अशी दंतकथा आहे. ती घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून कुणी ऐकली आहे का? ऐकली तशीच, सासष्टीच्या बोलीत लिहून पाठवाल?