एच-इंडेक्स बघून ईपीतला संशोधक कळतो का?

ईसीजीवेडा:
परवा कार्डियाक इलेक्ट्रोफिजिऑलॉजीतल्या (ईपी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लयीचं शास्त्र) एका संशोधकाची प्रोफाइल चाळत होतो (नाव नको, मुद्दा त्याचा नाहीये). पेपर शेकड्यांनी, एच-इंडेक्स (तो ५० म्हणजे प्रत्येकी निदान ५० सायटेशन मिळालेले ५० पेपर; सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेला संदर्भ) बघून डोळे पांढरे व्हावेत असा. मग म्हटलं एकेक उघडून तर बघू. सगळ्यात जास्त सायटेशनवाले बरेचसे निघाले गाइडलाइन नाहीतर कन्सेन्सस डॉक्युमेंट (उपचार कसे करावेत यावर तज्ज्ञांच्या कमिटीने मिळून लिहिलेलं), लेखकांची यादी एवढी लांब की याचं नाव सापडायला सर्च मारावा लागला. आता एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल लय) अ‍ॅब्लेशनवर (कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयात नेऊन बिघाडाची जागा निकामी करणं) कुणीही काही लिहिलं की पहिल्याच पॅरात ही डॉक्युमेंटं येणार, म्हणजे पाकिटावर पत्ता लिहिल्यासारखंच, आणि ते सायटेशन यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा. ते बाजूला काढलं तर पहिला किंवा शेवटचा लेखक (म्हणजे मुख्य काम करणारा किंवा गटाचा प्रमुख) म्हणून उरतं ते बेताचंच. माझं मत, हा आकडा बघून माणूस जोखणं बंद करावं.

हिशोबी:
साफ असहमत. गाइडलाइनच्या कमिटीवर काय रस्त्यावरून उचलून नेतात का कुणाला? आधीचं काम बघूनच बोलावतात. आणि आकडा नको तर मग काय, वशिला? हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स काढला त्यात हीच तर सोय आहे की एखादाच पेपर गाजला म्हणून तो फुगत नाही, सातत्य लागतं.

ईसीजीवेडा:
अहो तीच तर गोची आहे! समजा पाच पेपर आहेत आणि सायटेशन ४०, १२, ६, ४, १. एच-इंडेक्स झाला ४. आता पहिल्याला ४० ऐवजी ४००० मिळू देत, तरी ४ च. फ्रान्समधल्या बोर्दोचे डॉक्टर हायसागेर आणि त्यांच्या मंडळींचा १९९८ चा पेपर घ्या. ४५ पेशंट, एएफ सुरू करणारे जादा ठोके नेमके कुठून उठतात ते कॅथेटर फिरवून शोधलं, ६९ जागा सापडल्या आणि त्यातल्या ६५ पल्मनरी व्हेन्समध्ये (फुफ्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरा). आज जगभर त्या व्हेन्स विलग करण्याचं अ‍ॅब्लेशन चालतं ते याच्या जोरावर. पण एच-इंडेक्सच्या लेखी याची किंमत एक, आणि कसाबसा काठावर पास झालेल्या रजिस्ट्री (पेशंटांच्या नोंदींचा संग्रह) पेपरचीही एकच.

हिशोबी:
मग एच-इंडेक्सला शिव्या घाला, सायटेशनला कशाला? त्या पेपरला सायटेशन धो धो मिळालीत, म्हणजे आकड्याने बरोबर पकडला की नाही? ब्रुगाडा बंधूंचा १९९२ चा पेपर तर फक्त ८ पेशंटचा, आणि त्यात मांडलेलं हृदयाच्या लयीचं सिंड्रोम आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही.

जुना_रेसिडेंट:
सायटेशन म्हणजे लोक काय मानतात ते, बरोबर काय ते नाही. हार्ट अटॅकनंतर व्हेंट्रिकलचे (हृदयाच्या खालच्या कप्प्याचे) जादा ठोके दिसले की औषधाने दाबा, हा एके काळी सरळ हिशोब वाटायचा कारण असे ठोके असलेले पेशंट जास्त दगावतात हे दिसत होतं. मग कास्ट (CAST) नावाची ट्रायल झाली. ज्यांचे ठोके औषधाने खरंच दबले त्यांनाच आत घेतलं, अर्ध्यांना ठोके दाबणारं एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड, बाकीच्यांना प्लासिबो (औषध नसलेली गोळी). १९८९ मध्ये ही औषधं मध्येच थांबवावी लागली. १४९८ पेशंट, औषधावर ६३ मृत्यू, प्लासिबोवर २६. ईसीजी सुधारला आणि पेशंट गेला! त्याआधी ठोके दाबून दाखवणारे पेपर लोक आनंदाने साइट करतच होते ना?

हिशोबी:
आणि ते खोडणारी कास्टही लोक साइट करतातच की, कोंबडं झाकून उजाडायचं राहतंय होय? बरं, खोडून काढायलाही कुणीतरी आधीचं वाचून साइट केलेलंच असतं.

पॅचक्लॅम्पवाली:
मध्ये तोंड घालते. मी सुट्या हृदयपेशीतला आयन चॅनेलचा (पेशीच्या आवरणातली, विद्युतभारित कण ये-जा करतात ती दारं) करंट मोजते. पेशी जिवंत सुट्या करायच्या, काचेची पिपेट टेकवायची, ती पेशीला घट्ट चिकटून सील धरलं तर धरलं नाहीतर दिवस वाया. एका पेपरला वर्षं जातात. पलीकडे एकदा रजिस्ट्री उभी राहिली की तीच पोरं वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे, डाव्या एट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) साइझप्रमाणे पेपर पाडत सुटतात. दोघांच्या नावापुढे शब्द एकच, इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, आणि तराजूही एकच. माझ्या प्रोफाइलला तर माझ्याच आद्याक्षरांच्या कुणा त्वचारोगवाल्याचे पेपर चिकटले होते, त्या महिन्यात मी फार थोर होते 😄

हिशोबी:
ताई, तुमचा मुद्दा मान्य, ईपीतही बेसिक आणि क्लिनिकल वेगळे तोलायला हवेत. पण ईसीजीवेडा, उद्या तुमच्यापुढे शंभर अर्ज आले तर सगळ्यांचे सगळे पेपर वाचणार का?

ईसीजीवेडा:
नाही. प्रत्येकाने आपले तीनच द्यावेत, तेवढे वाचेन.

हिशोबी:
आणि त्याने तीनातली एक गाइडलाइनच दिली तर?

ईसीजीवेडा:
देऊ दे की. मुलाखतीत समोर ठेवून विचारू, यातला कुठला परिच्छेद तू लिहिलास ते दाखव.