दिल्ली–काठमांडू: जायला १:५५, यायला १:३०?

पुणे_ते_पशुपती
दिल्लीहून १३:०० ला सुटून काठमांडूत १४:५५. परतीचं १६:०० ला सुटून दिल्लीत १७:३०. अंतर तेच, मग २५ मिनिटांचा फरक कसा? पुणे–दिल्ली तिकीट वेगळं काढलं तर मध्ये किती वेळ ठेवावा? सोबत आई-वडील आहेत, वय ६७ आणि ७१. पासपोर्ट फक्त माझा आहे.

रेखांश
तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं. आपली वेळ ८२°३०′ रेखांशावर, त्यांची ८६°१५′ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून बरोबर पाव तासाचं अंतर. जाताना १५ वजा करा: १:४०. येताना १५ मिळवा: १:४५. उरलेली ५ मिनिटं पश्चिमेच्या वाऱ्याची. हिवाळ्यात वरचा वारा जोरात असतो, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

धावपट्टी०२
सरळ रेषेत अंतर साधारण ८१५ किमी. पण भारतातून येणारी बहुतेक विमानं सिमराजवळून नेपाळात शिरतात आणि तिथून उत्तरेला वळतात, म्हणजे थोडा वळसा पडतोच. शिवाय १:४० हा गेट ते गेट वेळ आहे, त्यात दिल्लीतलं टॅक्सीइंगही (विमानाचं गेटपासून धावपट्टीपर्यंत जमिनीवर चालणं) आलं.

खरी वाट पाहावी लागते ती काठमांडूवर. धावपट्टी एकच, उंची १,३३८ मीटर, चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे पूर्ण आयएलएस (कमी दृश्यमानतेत विमान उतरवायला मदत करणारी रेडिओ यंत्रणा) नाही. दृश्यमानता घसरली की विमानं हवेत घिरट्या घालतात. इंधन संपत आलं तर लखनौ किंवा परत दिल्ली. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान टाळा: धुकं दोन्हीकडे असतं. दुपारचं घेताय ते उत्तम.

सामान_सांभाळ
वेगळ्या तिकिटांवर चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. दिल्लीत बॅग पट्ट्यावरून घ्यायची, टर्मिनल ३ ला पुन्हा चेक-इन, मग इमिग्रेशन. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पुण्याचं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर मध्ये रस्त्याने जावं लागतं, आणि त्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच तिकिटावर पुणे–काठमांडू मिळालं तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी तेच घ्या. वेगळं घेतलंच तर वजनाची मर्यादा दोन्ही तिकिटांवर तपासा. देशांतर्गत साधारण १५ किलोच असते.

कागदपत्रं: विमानाने जाताना भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं, मूळ प्रत. पासष्टीच्या पुढच्यांना सूट आहे, फोटो आणि वय दाखवणारं आधार किंवा पॅन चालतं. त्यामुळे आई-वडिलांची अडचण नाही. तुमचं मात्र आधारवर भागणार नाही, पासपोर्ट विसरू नका.

पुणे_ते_पशुपती
चार तास धरतो. परतीला?

सामान_सांभाळ
तितकेच. दिल्लीत इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स, मग पुण्याचं चेक-इन.

धावपट्टी०२
सीट निवडताना जाताना डावी खिडकी, येताना उजवी. हिमशिखरं त्याच बाजूला असतात. पावसाळ्यात मात्र त्यासाठी जादा पैसे देऊ नका.