मदत हवी आहे : गोव्यात सत्तरी तालुक्यात काकींचं घर उभं करायचंय, कागदांवर अडलंय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाड्यावरच्या काकींचं मातीचं घर गेल्या पावसात पडलं. मागची भिंत आधी फुगली, मग वाशांसकट कौलं खाली आली. माणसं वाचली, हेच मोठं. काकी, सून आणि नातवंडं सध्या शेजाऱ्यांच्या पडवीत राहतात. वाड्यावर वर्गणी चालू आहे. एकाने चिरे देऊ केलेत, मुंबईतल्या एका गाववाल्याने कौलांचा खर्च उचललाय, पोरं रविवारी श्रमदानाला तयार आहेत. लोकांनी मन मोठं केलंय, खरंच.

अडचण जागेची. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची; काकींचे सासरे तिथले मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. १९७५च्या मुंडकार कायद्याखाली नोंद आहे, पण अजून सासऱ्यांच्याच नावावर, आणि जागा विकत घ्यायचा अर्ज कधी झालाच नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीत) अर्थातच भाटकाराचं नाव. जुन्या जोत्यावरच बांधायचं असलं तरी आधी मामलेदाराकडे वारसांची नोंद करावी लागेल, की पंचायतीचा परवाना त्याआधी मिळू शकतो? अलीकडे यातून गेलेल्यांनी कृपया सांगावं.

दुसरं, काकी अनुसूचित जमातीतल्या, म्हणून अटल आसरा या जमातींसाठीच्या सरकारी घरबांधणी मदत योजनेचा अर्ज करायचाय. देणगीतून पाया आधीच घातला तर त्याला बाधा येईल का? आणि वर्गणी काकींच्या खात्यात ठेवावी, की तिघांच्या सह्यांच्या वेगळ्या खात्यात? देणाऱ्याला पै-पैचा हिशेब मिळालाच पाहिजे.

मे संपायच्या आत छप्पर चढवायचंय. वाळपई-साखळी भागातला चिऱ्यांच्या कामाचा चांगला गवंडी माहीत असेल तर तेही कळवा.