डिझेलच्या टाकीत पाणी गेलं वाटते, सेल्फ मारू का थांबू?

दारव्ह्याचा कास्तकार:
राजेहो लवकर सांगा, मृग लागला न् माझा ट्रॅक्टर वावरात उभा आहे. ४५ एचपी, इंजिनवर साधा डिझेल पंप असलेला, २०१६ चा. काल सकाळी रोटावेटर लावून गेलो, तीन-चार तासं मारली असतील, तर इंजिन गुदमरल्यासारखं करायले लागलं, रेस आपोआप वर-खाली, पांढरा धूर, अन् मग बंदच. सेल्फ (स्टार्टर) मारला की मिनिटभर चालते न् परत बंद, असं सात-आठ वेळा केलं. मग फिल्टरखालच्या काचेच्या वाटीकडं लक्ष गेलं तर खाली गढूळ पाणी, वर डिझेल, अन् मधात सरळ रेघ.

परवा रात्री पोरानं २० लिटरच्या कॅनमधून डिझेल टाकलं होतं, अंधारात, मोबाईलच्या उजेडात. ती कॅन गोठ्याबाहेर होती, झाकणाचं वायसर कधीचंच गेलेलं म्हणून तोंडाले पन्नी बांधून ठेवतो आम्ही, अन् त्याच दिवशी दुपारी दणकून पाऊस झाला होता. घरचे म्हणतात पेट्रोल पंपवाल्यानंच पाणी दिलं, चला भांडायले. पण माझं मन म्हणते चूक घरचीच आहे. नक्की कसं समजायचं? सोयाबीनचं बी घरात येऊन पडलं, दोन दिवसांत वाफसा गेला तर कठीण आहे.

आर्वीचा मिस्त्री:
भाऊ पहिलं काम म्हणजे सेल्फला हात लावू नको, एकदाही नाही. इंजिनवरच्या डिझेल पंपाला इंजिन ऑइल वेगळं जात असलं तरी आतल्या प्लंजरला (डिझेल दाबणारा दांडा) न् नोझलला (इंजिनात डिझेल फवारते ती) वंगण फक्त डिझेलचंच असते. त्या प्लंजरमधली जागा दोन-तीन मायक्रॉनची, आपला केस त्याच्यापेक्षा वीसपट जाड असते. तिथं पाणी गेलं की लोखंडावर लोखंड घासते, अन् पाणी आत जास्त दिवस राहिलं तर गंज धरते. नुसता फिल्टर बदलून भागणारं काम नोझल-पंपावर जाते ते याच सात-आठ सेल्फमुळं, मी दर पावसाळ्यात असे ट्रॅक्टर पाहतो म्हणून इतकं ठासून सांगून राहिलो.

आता टाकीचा कॉक बंद कर, ट्रॅक्टर हलवू नको, रात्रभर तसाच राहू दे. डिझेल लिटरला ८१० ते ८४५ ग्रॅम भरते न् पाणी किलोभर, म्हणून पाणी सगळं तळाला बसते. सकाळी कोणालाही टाकी हलवू न देता खालचा ड्रेन बोल्ट हळूच ढिला कर न् जे येईल ते पांढऱ्या पारदर्शक बाटलीत धर. आधी पाणी येईल, मग ढगाळ डिझेल, मग साफ. ढगाळ आहे तोवर काढतच राहायचं, जीव लावायचा नाही त्याच्यात. वाटी धुवून पुसून बसव, फिल्टर दोन्ही बदल, कापडाचाही न् कागदाचाही. कागदाचा फिल्टर पाणी पिऊन फुगते, तो वाळवून परत लावणारे लोक आहेत, तसं करू नको. पंपाकडं जाणारी नळी सोडून तिच्यातलंही सांडून घे.

मग एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा काढायची. हातपंप मारत आधी फिल्टरवरचा बोल्ट, बुडबुडे थांबले की कसायचा, मग पंपावरचा, अन् सगळ्यात शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ, तोही दहा सेकंदांच्या वर नाही, मधात थांबत. नट ढिले असताना तिथं हात नेऊ नको, डिझेल जोरात उडते न् चामडीतून आत शिरते.

वणी रोड पंपावरचा:
मी पेट्रोल पंपावरच काम करतो, आमची बाजू घेतो असं समजू नका. पंपाच्या टाकीतही पाणी शिरू शकते, पावसाळ्यात जास्तच, म्हणून आम्ही दांडीला पाण्याची पेस्ट लावून टाकीत सोडतो, पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. कोणत्याही गिऱ्हाईकाला घनता मोजून मागायचा हक्क आहे, ५ लिटरचं माप भरून मागायचाही, नाही म्हणता येत नाही. पण भांडायला निघायच्या आधी दोन गोष्टी बघा. त्याच दिवशी त्याच पंपावरून भरलेल्या बाकीच्या गाड्या बंद पडल्या का? पंपाच्या टाकीत पाणी असेल तर एकटा तुमचाच ट्रॅक्टर बंद पडणार नाही. दुसरं म्हणजे कॅनमध्ये उरलेलं डिझेल असेल तर ते काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवा, तळाशी काय बसते ते पाहा. बिल मात्र जपून ठेवा, बिलाशिवाय तक्रार करणं कठीण जाते.

पुसदकर:
पाण्यावरून आमचं सांगतो. भावाचा टिप्पर आहे बीएस ६ चा, त्याले धूर साफ करायले युरियाचं पाणी लागते, निळ्या झाकणाच्या टाकीत टाकतात ते. त्याची बादली डिझेलच्या कॅनीजवळच ठेवली होती. नवा गडी होता, त्यानं ट्रॅक्टरच्या टाकीत तेच ओतलं, जवळपास ३ लिटर. त्याच्यात ३२.५ टक्के युरिया न् बाकी सारं पाणीच, वाळलं की मिठासारखे पांढरे खडे होतात. आमचं नशीब म्हणून गड्यानं चाबी फिरवायच्या आधीच येऊन सांगितलं, मालक मी चुकलो म्हणे. टाकी खोलून उतरवली, दोनदा साफ डिझेलनं खंगाळली, ट्रॅक्टर आजही चालून राहिला. तो जर घाबरून गप्प बसला असता तर पंप गेलाच होता. त्याच्यावर मी एक शब्द रागावलो नाही, अन् दारव्ह्याच्या भाऊ, तुम्हीपण पोराले बोलू नका, पुढच्या वेळी सांगणार नाही तो.

आर्वीचा मिस्त्री:
पुसदकर भाऊ बरोबर. अन् ज्यांच्याकडं २०२३ नंतरचे ५० एचपीच्या वरचे ट्रॅक्टर आहेत, ट्रेम ४ वाले (धुराच्या नव्या नियमाचे), कॉमन रेलचे (सगळ्या नोझलला एकाच नळीतून मोठ्या दाबाचं डिझेल जाते ते), त्यांनी तर हे घरी करूच नका, तिथं प्रेशर फार मोठं असते न् नट ढिले करून एअर काढणं जिवावरचं काम आहे. सरळ माणूस बोलवा.

हिंगणघाटची शेतकरी ताई:
आमच्याकडं ट्रॅक्टर मी पाहते म्हणून लिहिते. पाणी फक्त कॅनीतूनच येते असं नाही. अर्धी टाकी ठेवून ट्रॅक्टर रात्री उघड्यावर उभा केला की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर घाम धरते न् थेंब थेंब खाली जमा होते, तूर-हरभऱ्याच्या दिवसांत तर रोजच. म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवायची, सकाळी नाही. चार महिने उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत पाणी राहिलं तर डिझेल न् पाण्याच्या मधात काळा शेवाळासारखा चिकट थर वाढते, जिवंत असते ते, फिल्टरवर फिल्टर बदलले तरी जाम होते. अन् धुताना प्रेशरची नळी टाकीच्या झाकणावर मारू नका, झाकणाले हवेसाठी भोक असते. कॅनीले आम्ही सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून लावलं, नरसाळ्यात बारीक जाळी, अन् कॅनीतलं शेवटचं बोटभर डिझेल कधीच टाकीत ओतत नाही.

दारव्ह्याचा कास्तकार:
सगळ्यांचे आभार, झालेलं सांगतो. सकाळी साडेपाचले बोल्ट ढिला केला, दीड लिटरच्या बाटलीत अर्ध्याच्या वर पाणीच आलं. कॅनीत थोडं उरलं होतं ते लोणच्याच्या बरणीत ओतलं, तळाशी पाणी न् त्याच्यावर कुटाराच्या (जनावराच्या भुशाच्या) दोन काड्या तरंगत होत्या. पंपावर कुठून येईल कुटार, आमच्याच गोठ्यातलं आहे ते. घरच्यांना बरणी दाखवली, भांडायचं काम संपलं. फिल्टर दोन्ही नवे, एअर काढायले मी न् पोरगा मिळून पाऊण तास गेला, चौथ्या सेल्फला धरला. पहिले दोन मिनिट पांढरा धूर, मग साफ. दुपारपर्यंत रोटावेटर चालला, आवाज बरोबर आहे. आत्ता वाटी पाहिली तर तळाले अजून एक थेंब दिसते, तो काढला, उद्या सकाळी पेरणीच्या आधी परत पाहतो.