३७० झेडला ट्विन टर्बो: विदर्भाच्या उन्हात टिकेल का?

काळीमाती
गाडी निसान ३७० झेड. इंजिन व्हीक्यू३७व्हीएचआर, ३,६९६ सीसी, व्ही६, बोअर ९५.५ आणि स्ट्रोक ८६ मि.मी., कॉम्प्रेशन ११:१. फिरणार हिंगणघाट-वणी पट्ट्यात. माझं मत असं की इंजिन न उघडता ०.४ बार बूस्टवर (बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या जास्त दाबावर) ट्विन टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारी टर्बोंची जोडी बसवावी. इथल्या उन्हातही ती टिकते, पण कामाचा क्रम चुकायला नको.

आधी सहाही सिलिंडरची लीकडाउन टेस्ट, म्हणजे हवा भरून किती गळते ते बघणं. एकाही सिलिंडरमध्ये गळती १० टक्क्यांच्या वर निघाली तर टर्बोचं नाव काढू नका, आधी ते दुरुस्त करा. दुसरं, टायमिंग कव्हरच्या आतलं ऑइल गॅलरीचं (तेलाच्या वाटेचं) गॅस्केट. या इंजिनात ते कागदी होतं आणि फाटतं, हा जगजाहीर दोष आहे. तेल गरम झालं की आयडलला प्रेशर पडतं. त्याच तेलावर आता दोन टर्बोंची बेअरिंगं जगणार, म्हणून धातूचं गॅस्केट टाकल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मग इंधन. क्रँकवर ४५० एचपी धरा. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर एचपीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे १२२ किलो. सहा इंजेक्टर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ), हिशोब ५७० सीसी प्रति मिनिटावर येतो. ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी) आणखी ७ टक्के जोडा. ६५० च्या खालचा इंजेक्टर घेऊ नका, ७५० घेतला तर निवांत. पंप तासाला ३४० लिटरचा. स्पार्क प्लग हीट रेंजमध्ये एक पायरी थंड, गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. बूस्टखाली लॅम्डा ०.८० च्या आसपास (१ म्हणजे पेट्रोल पुरतं जळण्याइतकीच हवा, त्याखाली पेट्रोल जास्त). वाइडबँडवर (एक्झॉस्टमधून हे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर) आकडा लॅम्डातच वाचा. एका भाग इंधनाला १४.७ भाग हवा हे प्रमाण साध्या पेट्रोलचं, ई२० चं १३.५ च्या जवळ येतं. पेट्रोलच्या स्केलवर वाचणारा तिथेच फसतो.

चांदा_४७
काळीमाती भाऊ, आकडे बरोबर हायेत, पण हवेचा हिशोब तुम्ही केलाच नाही. इथं खरी मारामारी पेट्रोलची नाही, हवेची हाय.

०.४ बार म्हणजे प्रेशर रेशो १.४, बाहेरच्या हवेच्या १.४ पट दाब. कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरा. बाहेर २५ अंश असले तर टर्बोतून हवा ६७ वर निघते, चांगला इंटरकूलर (हवा थंड करणारा रेडिएटर, वाढलेल्या तापातला ७० टक्के काढणारा) तिला ३८ वर आणतो. तोच हिशोब मे महिन्यातल्या ४५ अंशांवर करा: टर्बोतून ९० आणि इंटरकूलरनंतर ५८-५९. डांबरावरची हवा त्याहून गरम असते, ते वेगळंच. वीस अंश जास्त गरम हवा ११:१ च्या इंजिनात कोंबून राहिले तुम्ही. नॉक झाला (पेट्रोल आपोआप पेटून ठोका बसला) की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेणार, टायमिंग मागं गेलं की एक्झॉस्टचं तापमान वाढणार, ते वाढलं की टर्बो आणखी तापणार. हे चक्र एकदा सुरू झालं की दुपारी थांबत नाही.

आणि तेल? हे इंजिन टर्बो नसतानाच तेल तापवतं. १४० अंशांच्या जवळ गेलं की ईसीयू आरपीएमची मर्यादा खाली ओढतो. त्यात दोन टर्बोंची उष्णता त्याच पाच लिटर तेलात ओतायची? माझा साफ विरोध हाय. पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) टाका, कॉम्प्रेशन ९:१ वर आणा, रिंगचा गॅप दर मि.मी. बोअरला ०.००५ ठेवा, म्हणजे ९५.५ ला ०.४८ मि.मी., आणि मंग टर्बो लावा. नाही तर गाडी जशी हाय तशीच चालवा.

टीआयजी_वरोरा
दोघांचंही अर्धं पटतं. माझा आक्षेप मात्र 'ट्विन'वर आहे.

व्ही६ ला दोन टर्बो का शोभतात ते मान्य. एका बँकेत (व्हीच्या एका बाजूला) तीन सिलिंडर, त्यांच्या एक्झॉस्टचे धक्के २४० अंशांच्या अंतराने येतात, एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, त्यामुळे लहान टर्बो लवकर फिरतो. पण जागा बघा. या गाडीत टर्बो दोन्ही बाजूंना खाली बसतात. जवळच स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकचे पाईप. मागे बेल हाउसिंगच्या आत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, तोही प्लास्टिकच्या बॉडीचा. तो उष्णतेने गळायला लागला की गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही. एकच टर्बो पुढे घेतला तर गरम लोखंड एका जागी राहतं आणि त्यावर पुरेसा वारा लागतो.

खाली बसलेल्या टर्बोची दुसरी अडचण म्हणजे तेलाचा परतीचा पाईप. टर्बोतून तेल प्रेशरने परत जात नाही, फेसाळलेलं आपल्या वजनाने खाली वाहतं. त्याला आतून किमान १३ मि.मी. मोकळी वाट लागते, सतत उतार लागतो, आणि तो संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर जोडावा लागतो. मध्ये पाईपला एक झोळ आला तरी तेल तुंबतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि निळा धूर दिसतो. मग लोक टर्बो बदलतात. टर्बो चांगलाच असतो, वाकलेला असतो पाईप. उतार मिळतच नसेल तर तेल ओढून नेणारा स्कॅव्हेंज पंप लावा. बॉल बेअरिंग टर्बोच्या येणाऱ्या लाइनमध्ये साधारण १ मि.मी.चा रिस्ट्रिक्टर विसरू नका, नाही तर जास्तीच्या तेलानेही हाच धूर निघतो.

वेल्डिंगबद्दल एकच सांगतो. ३०४ स्टेनलेसचा मॅनिफोल्ड करायचा तर आतून आर्गॉन सोडूनच टीआयजी मारा. आतून काळी पडलेली, दाणे सुटलेली शिवण पहिल्या उन्हाळ्यातच तडकते, आणि सुटलेला दाणा थेट टर्बाइनच्या पंख्यावर जातो.

जिनिंग_रोड
ट्रकचा जुना टर्बो दुरुस्त करून लावला तर? इकडे त्याचे मिस्त्री गावोगावी आहेत, काट्रिज (टर्बोचा आतला गाभा) लगेच मिळतं.

टीआयजी_वरोरा
नको भाऊ. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ७०० अंशांचा, पेट्रोलचा पूर्ण बूस्टवर ९०० च्या वर. डिझेलसाठी बनलेलं हाउसिंग त्या तापाचं नसतं, तडकतं. शिवाय त्यांची टर्बाइन हाउसिंग या इंजिनाला मोठी पडते. मिस्त्र्यांचा हात मात्र जरूर वापरा. शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) बोटाने ओळखणारी माणसं आहेत ती.

काळीमाती
चांदा भाऊ, हवेचा हिशोब मान्य, निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही इंजिन उघडायला सांगता, मी म्हणतो बूस्ट हंगामाप्रमाणे ठेवा. वेस्टगेट ही जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तिच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कोणत्याही कंट्रोलरने मिळत नाही, म्हणून स्प्रिंगच ०.३ बारची टाका. मार्च ते जून फक्त स्प्रिंगवर चालवा. ४५ अंशांत ०.३ बारला टर्बोतून हवा ८० वर निघते, इंटरकूलरनंतर ५५-५६. कागदावर तरीही त्याच दिवशीच्या विनाटर्बो इंजिनापेक्षा सिलिंडरमध्ये २५ टक्के जास्त हवा जाते. नोव्हेंबरात सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या झडपेने) ०.४ वर न्या. दोन्ही वेस्टगेटना एकाच सोलेनॉइडमधून, सारख्या लांबीची नळी द्या. नाही तर एक टर्बो दुसऱ्याचं काम अंगावर घेतो.

ई२० मुळे ऑक्टेन वाढला आहे आणि इथेनॉल बाष्प होताना हवा थंडही करतं, हे विसरून चालणार नाही. तेलासाठी २५ ओळींचा कूलर थर्मोस्टॅटसकट, ५डब्ल्यू-४० पूर्ण सिंथेटिक, दर ५,००० किलोमीटरला बदल. स्लेव्ह सिलिंडर मात्र टर्बोच्या कामातच बदलून टाका. टीआयजी भाऊंचा तो मुद्दा बरोबर आहे.

एमएच३२
कायद्याचं कोणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते ती वेगळीच. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, आणि ती आत्ताची गाडी झोपेतही गाठते. हे काम फक्त ट्रेलरवर घालून ट्रॅकला नेण्याच्या गाडीवर करा. रस्त्यावरच्या गाडीवर मला ते अजिबात पटत नाही.

चांदा_४७
एमएच३२ शी शंभर टक्के सहमत.

काळीमाती भाऊ, ०.३ ची स्प्रिंग हा चांगला तोडगा हाय, तेवढं मागं घेतो. पण तुमचा इंटरकूलरचा आकडा स्वच्छ इंटरकूलरचा हाय. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की रस्त्यावर कापसाचा तंतू उडतो, पत्र्यांच्या फटीत बसतो, त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटते आणि नमदा तयार होतो. समोरून बघितला तर नुसता राखाडी दिसतो. मागून बॅटरी धरली तर उजेडच येत नाही. मार्च लागेपर्यंत तो ७० टक्क्यांचा इंटरकूलर ५० वर आला असंल, तर तुमचे ५५ गेले ६२ वर. मंग ०.३ आणि ०.४ मध्ये फरक काय उरला?

काळीमाती
म्हणून दाट पत्र्यांचा नाही, बार-अँड-प्लेट (पट्ट्या आणि पत्रे जोडून बनलेला) इंटरकूलर घ्या, पत्रे विरळ असलेला. बंपर उतरवून, मागून पुढे, कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर मारला की पत्रे आडवे होतात. हंगामात दर पंधरा दिवसांनी. फिल्टर कोरड्या कागदाचा. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून बारीक धूळ जाते आणि लाखभर आरपीएमवर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पंख्याची धार खाते. धुतल्यावर पाईप जोडून ०.५ बार हवा भरा आणि पंक्चरवाला पाहतो तसं प्रत्येक क्लॅम्पवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडा बघा.

चांदा_४७
आणि इंटरकूलरनंतर हवेच्या तापमानाचा सेन्सर लावा. तो ६० दाखवंल तेव्हा ईसीयूनंच थ्रॉटल मागं घेऊन बूस्ट तोडला पायजे, अशी मॅपमध्ये (ईसीयूच्या सेटिंगमध्ये) सोय ठेवा. ती सोय नसंल तर मी अजूनही 'नको'च म्हणतो.