टीटीजी वाढलेला, पण गहू आधीच बंद केलाय: सिलिअकचं पक्कं निदान आता कसं करायचं?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. वहिनीबद्दल विचारतोय, वय ३१. हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ४. आठ महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नाही. पोट फुगतं, अधूनमधून जुलाब होतात. जूनमध्ये टीटीजी-आयजीए (सिलिअकची, म्हणजे ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाने लहान आतड्याचं अस्तर बिघडण्याच्या आजाराची, रक्तातली प्रतिद्रव्य तपासणी) ६४ आला, लॅबची वरची मर्यादा २०. रिपोर्ट पाहून घरीच गहू बंद केला, त्याला अडीच महिने झाले. पोट बरंच शांत आहे. आता पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासू (बायोप्सी), पण आधी गहू पुन्हा सुरू करावा लागेल. आई म्हणते, बरं वाटतंय तर पुन्हा त्रास विकत कशाला घ्यायचा? पुन्हा गहू खाणं टाळता येईल का? नाही तर किती आणि किती दिवस खायचा? आणि पुढे नवरात्र आहे, वहिनी नऊ दिवस उपास धरते.

आतड्याचा_अभ्यासक

आईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर. सिलिअकचं पथ्य जन्मभराचं असतं आणि त्यात चिमूटभर कणीकही चालत नाही. नुसतं बरं वाटण्यावर एवढं मोठं पथ्य टिकत नाही. शिवाय गहू सोडल्यावर सिलिअक नसलेल्यांचंही पोट हलकं होतं. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करा असते, ती मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. निदान अर्धवट राहिलं की एखाद्या लग्नात दाल-बाफले (गव्हाच्या पिठाचे) समोर आले, की "एकदा खाऊन काय होतंय" सुरू होतं. खरोखर सिलिअक असेल तर त्याची किंमत हाडं आणि रक्त मोजतात. पक्कं निदान झालं तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करता येते. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो.

आता गहू टाळता येईल का ते पाहू. लगेच पोळ्या सुरू करू नका. आधी त्याच लॅबमध्ये टीटीजी पुन्हा करा. ही प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात, अडीच महिन्यांत ६४ वरून मर्यादेखाली येतीलच असं नाही. अजून वाढलेला असेल तर थेट एंडोस्कोपी करता येईल का, असं डॉक्टरांना विचारा. मोठ्या माणसांत आतड्याचं अस्तर भरून यायला बहुधा वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, त्यामुळे इजा अजून दिसण्याची शक्यता चांगली असते.

टीटीजी नॉर्मल झाला असेल तर आधी एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुक तपासणी. तिच्यावर पथ्याचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिअक जवळजवळ बाद होतो आणि गहू खाऊन पाहण्याची गरजच उरत नाही. मात्र ती पॉझिटिव्ह आली म्हणून सिलिअक सिद्ध होत नाही. ही जनुकं ३० ते ४० टक्के निरोगी लोकांतही असतात. इथे फार जणांची फसगत होते, अहवालावर "पॉझिटिव्ह" दिसलं की घरातला सगळा गहू शेजारी वाटून मोकळे होतात.

बायोप्सीबद्दल एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. एंडोस्कोपीत आतडं दिसायला नॉर्मल असलं तरी तुकडे घ्यायचेच. घड्यांच्या कडा खाचेदार दिसल्या तर संशय वाढतो, पण तशा न दिसताही सिलिअक असू शकतो. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागातून किमान ४ तुकडे आणि बल्बमधून (त्याचा अगदी पहिला भाग) १-२, वेगळ्या बाटलीत. इजा ठिपक्याठिपक्यांनी असते, एखादाच तुकडा घेतला तर नेमका चांगला भाग हाती येऊ शकतो. तुकडा तिरका कापला गेला की निरोगी रसांकुरही (अस्तरावरची बोटांसारखी टोकं) आखूड दिसतात. म्हणून अहवालात मार्श श्रेणी (अस्तराच्या इजेची पायरी: १ म्हणजे नुसत्या लिम्फोसाइट वाढलेल्या, ३ म्हणजे रसांकुर झडलेले), शंभर अस्तरपेशींमागे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती (२५ च्या वर म्हणजे वाढलेल्या) आणि तुकड्याची मांडणी नीट होती का, हे तिन्ही हवं.

मार्श ३ आणि टीटीजी पॉझिटिव्ह, दोन्ही जुळले तर निदान भक्कम. नुसता मार्श १ आला तर घाई नको. हेलिकोबॅक्टर जंतू, जिआर्डिया परजीवी, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनीही तसं दिसतं. रसांकुर झडलेले पण टीटीजी निगेटिव्ह, असं असेल तर आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रूचा (उष्ण प्रदेशातला आतड्याचा वेगळा आजार) विचार करावाच लागतो. रक्तदाबाच्या ओल्मेसार्टनमुळेही हुबेहूब तसंच चित्र दिसतं, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्या.

मालवा_लॅब

रक्ताच्या बाजूचं थोडं. टीटीजीचा आकडा एका लॅबचा दुसऱ्या लॅबशी ताडू नका, किट वेगळं की मर्यादा वेगळी. मर्यादेच्या किती पट ते बघा. इथे ६४ भागिले २० म्हणजे ३.२ पट. स्पष्ट पॉझिटिव्ह आहे, पण बायोप्सी टाळण्याइतका नाही.

टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येतो तेव्हा एकूण आयजीए (प्रतिद्रव्यांचा एक प्रकार) पाहावंच लागतं. सिलिअकच्या २-३ टक्के रुग्णांत आयजीए मुळातच नसतं, मग तपासणी खोटी निगेटिव्ह येते. अशा वेळी डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी, म्हणजे आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांची तपासणी करतात. वहिनींचा टीटीजी-आयजीए वाढलेलाच होता, त्यामुळे जूनच्या रिपोर्टबाबत ही शंका नाही. तो नमुना गहू बंद करण्याआधीचा आहे ना, एवढी तारीख मात्र पडताळा. शंका राहिली तर ईएमए (सिलिअकची आणखी एक प्रतिद्रव्य तपासणी). महाग पडते, वाचणाऱ्याचा हात सरावलेला लागतो, पण तिची खात्री फार वरची आहे.

जुनी अँटी-ग्लायडिन तपासणी आणि शंभर-दोनशे पदार्थांचं आयजीजी पॅकेज, या दोन्हींवर पैसे घालवू नका. पदार्थाविरुद्ध आयजीजी म्हणजे तो पदार्थ खाण्यात आहे, यापलीकडे त्यातून काही कळत नाही. गव्हाची ॲलर्जी हाही वेगळा प्रकार, ती आयजीई तपासणी. सिलिअकशी तिचा संबंध नाही.

पथ्याची_वही

पुन्हा गहू खाण्याची वेळ आलीच तर मोजून खा. दिवसाला किमान ३ ग्रॅम ग्लूटेन, किमान दोन आठवडे. सोसत असेल तर सहा ते आठ आठवडे, कारण दोन आठवड्यांत रक्तातला आकडा बऱ्याचदा वर येत नाही. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर ग्लूटेन साधारण अडीच ग्रॅम. म्हणजे रोज दोन पोळ्या, जमल्यास तीन, आणि त्या दोन जेवणांत वाटून. पोळीच धरा, जिलबी-समोसे नकोत. मैद्यात ग्लूटेन असतं हे खरं, पण तेल-साखरेनेच पोट बिघडलं तर कशाचा त्रास ते कळणार नाही. सकाळचे पोहे जिलबीशिवाय खुशाल खा, पण ते या हिशेबात धरू नका, पोह्यात ग्लूटेन नाही.

नवरात्राचे नऊ दिवस या काळात येऊ देऊ नका. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नसतं, मध्येच खंड पडतो आणि दिवस पुन्हा मोजावे लागतात. एक तर नवरात्र उलटल्यावर सुरू करा, नाही तर या वर्षी उपास सोडायचं वहिनींशी बोलून घ्या.

उलट्या थांबत नाहीत, जुलाबाने गळून गेल्या, असं झालं तर तारीख पुरी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि रक्त-बायोप्सी लवकर उरकता येईल का ते विचारा. गरोदर असतील किंवा तसा विचार असेल तर हा प्रयोग आत्ता नको.

आणखी एक. "गहू बंद" म्हणजे नेमकं काय बंद होतं ते लिहून काढा. डब्यातल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. माल्टच्या पेय पावडरीत जव असतं. ज्वारी त्याच चक्कीवर गव्हामागून दळली तर त्यात कणीक उतरते. अडीच महिने असं थोडंथोडं पोटात गेलं असेल तर टीटीजी न उतरण्याचं तेही कारण असू शकतं. डॉक्टरांना हे ठाऊक हवं.

रामबाग_इंदूर

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. नमुना गहू बंद करण्याआधीचाच आहे, तारीख पाहिली. हिंगाचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या आधी टीटीजी. वहिनींचा मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याचीही बायोप्सी करावी लागेल?

आतड्याचा_अभ्यासक

त्याचा गहू अजिबात बंद करू नका. घरात वेगळ्या भाकऱ्या सुरू झाल्या की मुलांच्या ताटातूनही पोळी जाते, तेवढं जपा. टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए एकत्र करा. लहान मुलांत टीटीजी मर्यादेच्या १० पट किंवा जास्त आला आणि दुसऱ्या वेळी काढलेल्या रक्तात ईएमए पॉझिटिव्ह निघाली, तर २०२० च्या युरोपीय बालरोग मार्गदर्शनाप्रमाणे बायोप्सीशिवाय निदान करता येतं. दुसरा नमुना खरोखर वेगळ्या दिवशीचा हवा, नावांची किंवा बाटल्यांची अदलाबदल त्यातच पकडली जाते. वाढलेला पण १० पटींच्या खाली आला तर त्याचीही बायोप्सी. नॉर्मल आला तरी काही वर्षांनी पुन्हा पाहावं लागतं, हा आजार पुढे कधीही उघडा पडू शकतो.

वहिनींसाठी फेरिटिनबरोबर बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड) आणि एसजीपीटी (यकृत) हे एकाच रक्तात उरकून घ्या. निदान पक्कं झालं तर हेच आकडे पुढे ६ आणि १२ महिन्यांनी टीटीजीसोबत ताडायला लागतील. जूनचा मूळ रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.