कम्युनिटी कॉलेजने भर शहरात नाट्यगृह बांधावं का?

नदीकाठ
अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला सेंट्रल स्ट्रीटवर बॉस्टन अँड मेन रेल्वेचं १८७६ सालचं स्टेशन आहे. गाड्या बंद झाल्यावर तिथे सिनेमा थिएटर आलं, पुढे तेही गेलं आणि वास्तू कितीतरी वर्षं पडून राहिली. मिडलसेक्स कम्युनिटी कॉलेजने ती घेऊन दुरुस्त केली. २०१८ पासून तिथे संगीत, नृत्य, नाटकाचे वर्ग भरतात, आत दोनशेच्या आतलं छोटं नाट्यगृह आहे. खर्च दोन कोटी डॉलरच्या घरात. परवा आमच्या मराठी मंडळींत यावरून चांगलीच जुंपली. दोन वर्षांची पदवी देणाऱ्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांच्या कॉलेजने हा खर्च करायचा का?

माझं म्हणणं, जरूर करावा. लोवेल हे गिरणगाव. गिरण्या गेल्या, मग संगणक बनवणारी वँग कंपनी आली, १९९२ला तीही दिवाळखोरीत गेली. अशा गावाच्या मध्यभागी रोज सकाळी मुलं येतात-जातात, यासारखा आधार दुसरा नाही. फक्त एक अट: आधी वर्ग आणि तालमी, मग उरलेल्या तारखा परिषदांना आणि बाहेरच्या कार्यक्रमांना.

हिशेबनीस
साफ असहमत. या कॉलेजातली मुलं कोण? दिवसा दुकानात काम, संध्याकाळी वर्ग, घरी लहान मूल. त्यांना हवेत संध्याकाळचे जास्त वर्ग, पाळणाघर, वेळेवर येणारी बस. शिकवणाऱ्यांत कितीतरी जण तासिका तत्त्वावर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी हाकत फिरणारे. त्यांना बसायला धड खोली नसते, आणि आपण कौतुक करायचं ते रंगमंचाचं! शिवाय लोवेलला जागांची वानवा आहे कुठे? मेमोरियल ऑडिटोरियम १९२२चं, जवळपास २८०० खुर्च्यांचं. त्याच वास्तूत मेरीमॅक रेपर्टरी या नाटक कंपनीचं नाट्यगृह. त्याशिवाय १९९८पासून त्सोंगास सेंटर हे मोठं बंदिस्त क्रीडागृह.

नदीकाठ
हिशेबनीस, दोन गोष्टी. बांधकामाचा सरकारी पैसा राज्याच्या कर्जरोख्यांतून येतो, तो पगाराला वापरता येत नाही. इमारत झाली नसती तर ते पैसे शिक्षकांच्या खिशात गेले असते, असं नाही. दुसरं म्हणजे २८०० खुर्च्यांच्या सभागृहात वीस मुलांना प्रकाशयोजना शिकवणार कशी? तिथे शो होतो, शिकणं होत नाही.

आणि कला म्हणजे खात्यापित्या घरच्यांची हौस, असा सूर तुमच्या लिहिण्यात जाणवला, तो मला मान्य नाही. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर अमेरिकेतली सर्वांत मोठी कंबोडियन वस्ती लोवेलला आहे. कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉटच्या तावडीतून निसटून आलेल्यांच्या मुलांना त्यांचं नृत्य शिकवणारा अंगकोर डान्स ट्रूप इथे १९८६पासून चालू आहे. गाव गरीब, पण नाच जपलेला. मग याच मुलांनी कॉलेजात नाच शिकायचा नाही का?

पडद्यामागे
माझा मुलगा अशाच एका कम्युनिटी कॉलेजात शिकला. नाटकात काम करण्याची त्याला काडीची आवड नव्हती. पण शिडीवर चढून दिवा अडकवायचा, त्याला सुरक्षा-साखळी लावायची, खाली उभ्या मुलीने 'अजून डावीकडे' म्हटलं की स्क्रू सैल करून तो वळवायचा, हे हातानं शिकला. मग क्रेडिट्स घेऊन राज्याच्या विद्यापीठात गेला. हे वर्गातल्या फळ्यावर शिकवता येत नाही, त्याला खरा रंगमंचच लागतो. माझं मत बांधण्याच्या बाजूने.

हिशेबनीस
पडद्यामागे ताई, मुलाचं मनापासून अभिनंदन. माझा राग कलेवर नाही. नदीकाठ, कर्जरोख्यांचं म्हणणं खरं, पण अर्धंच. बांधायचे पैसे राज्य देतं, पुढची तीस वर्षं हीटिंग, लिफ्ट, विमा, ध्वनीचा तंत्रज्ञ कोणाच्या बजेटमधून? कॉलेजच्याच. म्हणजे तिथे भार पडला की कात्री लागते ती तासिकांवर. त्यात २०२३ला पंचविशीपुढच्यांना आणि २०२४ला पदवी नसलेल्या सगळ्यांनाच राज्याने कम्युनिटी कॉलेज मोफत केलं. मुलं वाढतायत. आत्ता गरज शिक्षकांची आणि मार्गदर्शकांची आहे.

सातारकर
हिशेबनीसांच्या बाजूने एक घरचं उदाहरण. आपल्याकडे गावोगावी पालिकांनी नाट्यगृहं बांधली. उद्घाटनाला मंत्री, कोनशिला, हारतुरे. नंतर एसी बंद, मेकअप रूमला गळती, स्वच्छतागृहात पाऊल टाकवत नाही. नटांनी जाहीरपणे किती वेळा सांगून झालं. १९६८चं बालगंधर्व हे पुण्याचं लाडकं, पण तेही पाडून नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं, यावर वाद. बांधायला निधी असतो, झाडू मारायला नसतो.

कॉलेजांनी परिषद केंद्र चालवण्याबद्दल तर मला जास्तच शंका आहे. २००९ला लोवेलच्याच विद्यापीठाने शहरातलं मोठं हॉटेल विकत घेऊन तिथे वसतिगृह आणि परिषद केंद्र केलं. सरकारी संस्थेची मालमत्ता झाली की शहराचा मालमत्ता कर बुडतो. १९८०च्या कायद्याने इथल्या शहरांना वर्षाला अडीच टक्क्यांपलीकडे करवसुली सहज वाढवता येत नाही. मग भार कोणावर? शाळांवर आणि अग्निशमन दलावर.

नदीकाठ
सातारकर, हॉटेल कर भरत होतं, हे स्टेशन तर कितीतरी वर्षं पडून होतं. दोन्हीला एका मापाने मोजू नका. परिषद केंद्राबद्दल मात्र मी तुमच्यासोबत आहे. लग्नं आणि कंपन्यांच्या बैठकांच्या भाड्यावर कॉलेज चालवायचं असेल तर मीही विरोधात उभा राहीन. देखभालीसाठी वेगळा राखीव निधी बांधकामाच्या मंजुरीतच बांधून घ्यावा. देणगीदार भिंतीवर नाव लावायला पैसे देतात, त्यातला ठरावीक हिस्सा तिकडेच वळवावा.

पडद्यामागे
भाड्याला सरसकट नको म्हणू नका. बाहेरचा कार्यक्रम आला की मुलांना पगारी काम मिळतं. माझ्या मुलाची पहिली कमाई तशीच झाली.

हिशेबनीस
मिळावं की. पण किती तास वर्गाला आणि किती भाड्याला, हा आकडा समोर हवा. कॉलेजच्या विश्वस्तांच्या बैठका कायद्याने जाहीर असतात, तिथे जाऊन वर्षाचं वेळापत्रक आणि देखभालीचा खर्च मागता येतो. वर्गांचे तास भाड्यापेक्षा कमी निघाले तर माझा विरोध कायम. नदीकाठ, पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. येताय का?